हौदातला पाव

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. आणि ज्या पाद्र्याला सांगायला हवं होतं, त्याच्या दारात तर मी उभासुद्धा राहिलो नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते विचारू नका. ऐकायला बसला आहात तर बसा. फक्त मध्येच मान डोलावून "होतं असं माणसाच्या हातून" म्हणू नका. होत नाही असं — मी केलं.

शनिवार पेठेत मला सगळे साळबा म्हणतात. कपाळाला गंध, दसऱ्याला दाराला तोरण, सगळं जिथल्या तिथे. वसईकडे माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा नाव ठेवलं होतं साल्वादोर. वसई मराठ्यांकडे आली, त्याला काही वर्षं झाल्यावर मी आणि माझ्या गावचा बस्त्याव पोटासाठी घाट चढून पुण्याला आलो. सरकारी तोफखान्यात माणसं हवी होती. त्याला तोफ ओतता येत होती, मला बैल हाकता येत होते. नाव मी वाटेतच बदललं. कोणी बळजबरी केली असेल म्हणता? छे! कोणी विचारलंदेखील नव्हतं. आधीच भिऊन ठेवलेलं बरं, असा माझा स्वभाव.

बस्त्याव मात्र बस्त्यावच राहिला. गळ्यात क्रूस, तोही अंगरख्याच्या वर. "आत घाल की रे," मी म्हणायचो. तो हसायचा. त्या हसण्याचा मला राग यायचा — आजही येतो, खोटं कशाला सांगू? न्हावी त्याची हजामत करीत नसे. वाणी धान्य लांबूनच पदरात टाकी. त्याची बायको कतरीन, तिला तर हौदाच्या पायरीवर पाय ठेवायची बंदी. कात्रजचं पाणी नळाने दारापुढच्या हौदात येऊन पडायचं, आणि ती बाई घागर घेऊन नदीवर जायची.

पावाची भीती, दुसरं काय! फिरंग्यांच्या पाद्र्याने विहिरीत पावाचा तुकडा टाकला, लोक ते पाणी प्याले आणि अख्खं गाव बाटलं — ही कोकणातली गोष्ट पेठेतल्या पोराटोरांनाही पाठ होती. आणि बस्त्यावच्या घरी पाव भाजतात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्याच्या घरी वर्षातून एकदाच जायचो, मागच्या दाराने. येशू उठल्याच्या सणाला. पुण्यात तेव्हा ना आमचं देऊळ, ना पाद्री. बस्त्यावच प्रार्थना म्हणायचा. कतरीनवहिनी पाव भाजायची आणि त्याच्या पाठीवर सुरीने क्रूस काढायची. त्या वर्षी निघताना तिने एक पाव माझ्या हातात दिला. मी तो उपरण्यात गुंडाळला आणि घरी निघालो. हौदापाशी पाय धुवायला थांबलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय साळबा, काय दडवलंय?"

कोतवालीचा शिपाई होता, आमच्याच आळीतला. थट्टा करत होता हो! त्याला वाटलं असेल, आंबे नेतोय. पण मी काय केलं? तो वळसा घालून समोर येईपर्यंत पाव हौदात सोडला आणि रिकामं उपरणं त्याच्यापुढे झटकून दाखवलं. त्याने मला तंबाखू दिली. मी खाल्ली.

पाव बुडतो असं मला वाटलं होतं. पाव बुडत नाही.

मागे फिरून काढता आला नसता का? आला असता. मी घरी जाऊन जेवलो आणि झोपलो.

सकाळी तो फुगून वर तरंगत होता, क्रूस वर करून. एक सोवळी म्हातारी पहाटेच तिथलं पाणी प्याली होती. ती कपाळ बडवून घेत होती — "माझं आता कसं होणार गं बाई!" तिच्यावर कोण हसणार? तिचं जन्मभराचं पुण्य बुडालं होतं, ते माझ्यामुळे. हौद उपसला. पाव कोणाच्या घरचा, हे विचारायची गरजच नव्हती. पेठेला ठाऊक असलेला किरिस्ताव एकच — जो लपला नाही तो.

चावडीवर मी पहिल्या रांगेत उभा होतो. मागे राहिलो तर कोणाला शंका यायची! कोतवाल गोडीने बोलले. पंचगव्य घे, गळ्यातलं काढ, प्रायश्चित्त कर आणि जा घरी. काही अवघड होतं का त्यात? मी तर न सांगता केलं होतं.

बस्त्याव म्हणाला, "पाव आमच्या घरचा आहे. पाण्यात मी टाकला नाही. आणि गळ्यातलं काढणार नाही."

"मग कोणी टाकला? पुण्यात तुमच्यातला आणखी कोण आहे?"

त्याला माहीत होतं. घराबाहेर एकच पाव गेला होता. त्याने गर्दीवरून नजर फिरवली, आणि ती माझ्यावर थांबली नाही.

"मी आणि माझी बायको. तिसरा कोणी नाही."

मला वाचवायला बोलला तो. पण बोलला ते खरंच होतं.

त्याला फटके बसले. माझ्या शेजारचा थुंकला. मीही थुंकलो. नंतर त्याला बेड्या घालून सिंहगडावर दगड वाहायला पाठवलं. कतरीनला पेठेतून काढलं. ती नदीपलीकडे खडकीच्या वाटेला झोपडी घालून राहिली. तिच्या झोपडीकडे मी कधी फिरकलो नाही.

तुम्हाला वाटत असेल, एवढंच ना? नाही. जे सांगायला बसलो ते अजून पुढेच आहे — जीभ रेटत नाही म्हणून हौदाभोवती फिरतो आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मी गाडीतून तोफगोळे घेऊन गडाच्या पायथ्याशी गेलो आणि माणसांबरोबर वर चढलो. दरवाजापाशी तट बांधत होते. बस्त्यावच्या डोक्यावर दगड होता. हाडांचा सापळा झाला होता नुसता. पहारेकरी सांगत होता, दर सणाला याला विचारतात, प्रायश्चित्त घेतोस का? दर सणाला हा नाही म्हणतो. वेडा आहे झालं! बस्त्यावने मला पाहिलं. माझ्या बरोबरचा म्हणाला, "साळबा, तुझ्याकडेच बघतोय की. ओळखीचा का?"

मी तोंड उघडण्याआधीच बस्त्यावने पाठ फिरवली. तटाकडे तोंड करून उभा राहिला — मला खोटं बोलायला लागू नये म्हणून.

आणि मला हायसं वाटलं.

ऐकलंत? लाज नाही वाटली, रडू नाही आलं. हायसं वाटलं. गड उतरताना मी शीळ घालत होतो. त्याच पावसाळ्यात तो वर मेला, शेवटपर्यंत नाही म्हणत.

आता दिवस पालटले. किरिस्तावांना देऊळ बांधायला सरकारनेच जागा दिली आहे. फौजेतले गोलंदाज रविवारी उजळ माथ्याने प्रार्थनेला जातात, कोणी खडासुद्धा मारत नाही. मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात भर दुपारी कतरीन समोरून आली. पार वाकली आहे. गळ्यात त्याचाच क्रूस होता, पदराच्या वर. तिने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी वर्षांनी मला माझ्या नावाने हाक मारली. "साल्वादोर?"

मी म्हणालो, "बाई, तुमची काही चूक होतेय. मी साळबा."

रस्त्यात आमच्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.