प्यूमाचं घरचं नाव

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे 'उगम' म्हणत. तोंडावर 'उगमसाहेब', पाठीमागे नुसतं 'उगम'. काम गाइडचं, आलेल्या मंडळींना रानमांजरांचा विभाग फिरवून दाखवायचा. पण या गृहस्थाला जनावरापेक्षा त्याच्या नावात जास्त रस. कॅराकल झाडावर ऐटीत बसलाय, पोरं माना वर करून बघतायत, आणि हा सांगतोय की कॅराकल म्हणजे तुर्कीत 'काळ्या कानाचा'. ऑसेलॉटपाशी म्हणे, "मूळ शब्द जॅग्वारचा. कुणा शहाण्याने उचलून या बारक्याला चिकटवला. टोपी मोठ्याची, डोकं छोट्याचं!" लेपर्डपाशी तर त्याला चेवच येई. "जुन्या लोकांना वाटलं, हे सिंहाचं आणि पार्ड नावाच्या कुठल्याशा जनावराचं भानगडीतून झालेलं पोर. म्हणून लिओ अधिक पार्ड. बिचाऱ्याच्या आईवर आळ, आणि तोही पिंजऱ्यावरच्या पाटीवर!" बायका हसत, नवरे घड्याळ बघत.

जगातल्या सगळ्या मांजरांची नावं तोंडपाठ असलेल्या या माणसाला स्वतःच्या घरात मात्र नाव उरलं नव्हतं. आणि तो दोष त्याच्याच जिभेचा.

बायको त्याच विभागात रखवालदार होती. म्हातारा प्यूमा तिच्याकडे. पूर्वी ती चारचौघींसारखी त्याला 'अहो' म्हणायची. मग एकदा तिच्या माहेरच्या गोतावळ्यात जेवणं झाल्यावर याला ज्ञानाची उबळ आली. "'अहो' हे नाव नव्हेच मुळी," हा म्हणाला. "रस्त्यात कुणाची छत्री पडली तरी आपण 'अहो' म्हणतो. म्हणजे आमची ही मला रोज छत्री पडलेल्या अनोळखी माणसासारखी हाक मारते!" सगळे खो खो हसले. मेहुण्याला तर ठसकाच लागला. बायको तेवढी हसली नाही.

त्या दिवसापासून 'अहो' बंद. "चहा झालाय." "दार लावून घ्या." मान राखलेला, पण बोलणं सगळं भिंतीशी. आधी त्याला वाटलं, निवळेल. वर्षं गेली, निवळलं नाही. माफी मागावी तर हा पडला विद्वान. पण संध्याकाळी खुर्चीत बसल्यावर आतून आपल्याला कुणीतरी हाक मारावी, असं त्याला फार वाटे. तो त्या हाकेला अक्षरशः भुकेला होता.

अशात बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती रजेवर गेली, आणि इकडे प्यूमाच्या पंजात काटा मोडून पाय सुजला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुंगीचं औषध त्याच्या हृदयाला झेपणार नाही. तो आपल्या पायांनी आतल्या खोलीत आला, तरच गजांतून इंजेक्शन देता येईल. उद्यापर्यंत आला नाही तर विष अंगात भिनेल. मग मी काही करू शकणार नाही."

आता आत बोलावणार कोण? त्या विभागाचा रिवाज असा, की प्रत्येक रखवालदाराची आपल्या जनावराला खास हाक असे, आणि ती दुसऱ्याने विचारायची नाही. हाक फुटली की कुणीही सोम्यागोम्या येऊन हाकारणार, आणि जनावराचा विश्वास उडणार. बदली रखवालदाराने 'राजा', 'सोन्या', 'बाळा' सगळं करून पाहिलं. प्यूमा पाठ फिरवून पडला होता.

मग उगमसाहेब बाह्या सरसावून पुढे झाले. "प्यूमा! ही क्वेचुआ लोकांची हाक आहे, दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातली." काही नाही. "कूगर! म्हणजे खरं तर 'हरणासारखा' अशा अर्थाचा शब्द, नकलून घेणाऱ्यांच्या हातून मोडत मोडत..."

"उगमसाहेब," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्याचा पाय सुजलाय. त्याला व्याख्यान नकोय."

घरी येऊन त्याने बायकोला विचारलं, "काय म्हणून हाक मारतेस त्याला?"

ती भाजी चिरत होती. "सांगणार नाही."

"मरेल गं तो."

सुरी थांबली. "मी येते," ती भिंतीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉकर टेकत टेकत आली. घामाने निथळत होती, पण कुणाचा हात धरेना. नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही लांब उभे राहा." तो निमूटपणे बोळाच्या टोकाला, भिंतीआड जाऊन उभा राहिला. ती गजांना धरून वाकली आणि हळू, लाडिक, उगमच्या चांगल्या ओळखीच्या आवाजात म्हणाली,

"अहो... किती वेळ बाहेर बसायचं? या ना आत."

उगमचे पाय आपोआप निघाले. डोक्याला पत्ता लागायच्या आत तो भिंतीला वळसा घालून तिच्यापुढे उभा होता. आणि गजांपलीकडे, सुजलेला पाय उचलून धरत, प्यूमाही आला होता. बदली रखवालदार पुढे कित्येक दिवस सांगत होता, "हाकेसरशी दोघं आले. लंगडा आधी पोचला."

जाळी सरकली, इंजेक्शन झालं. डॉक्टरबाई तोंड फिरवून हसल्या.

"त्याला 'अहो'?" उगमच्या तोंडून कसंबसं निघालं.

"तुम्हाला नको होतं," ती म्हणाली. "घरात पडून होतं. म्हटलं, कामाला लावावं."

तो तिच्या वॉकरजवळ सरकला. म्हणाला, "चुकलं माझं. तेव्हाच चुकलं."

"माहितीय मला."

त्या रात्री स्वयंपाकघरातून आवाज आला, "जेवण वाढलंय." तो खुर्चीतून हलला नाही. भांडी आपटल्याचा आवाज झाला. तरी हलला नाही.

"जनावर परवडलं, एका हाकेत येतं," आतून पुटपुटणं ऐकू आलं. आणि मग, चिडक्या आवाजात, "अहो! येताय ना?"

उठताना त्याने स्टूल पाडलं.

प्यूमा बरा झाला. उगमची बडबडही पूर्ववत सुरू झाली. काळे कान, मोठ्याची टोपी, लेपर्डच्या आईवरचा आळ, सगळं. प्यूमापाशी एका बाईंनी विचारलं, "एवढी नावं सांगितलीत, पण हा कुठल्या नावाला ओ देतो?"

तो खाकरला. पलीकडे रजा संपवून कामावर आलेली बायको पाण्याच्या नळीने फरशी धूत होती. तिने नळी खाली केली.

"ते त्याचं घरचं नाव आहे बाई," तो म्हणाला. "त्याचा उगम मी सांगत नाही."