आखाजीला हॉस्टेलवर आलेला मुराळी

हेतल पुण्याला निघाली तेव्हा सारंगखेड्याच्या थांब्यावर घरच्या बायका रडल्या. ती माझ्या भावाची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. शहाद्याच्या मैदानावर झालेल्या निवड चाचणीत तिचं धावणं पाहून तिला पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात घेतलं होतं. खेळ हॉकी. तोपर्यंत ती फक्त खो-खो खेळली होती आणि हॉकीची स्टिक तिने हातात धरलेली नव्हती. पण थांब्यावरच्या बायकांचा स्टिकशी काही संबंध नव्हता. घरातली मुलगी दूर जाते ती लग्न करून, तिला निरोप देण्याची त्यांना माहीत असलेली रीत ती एकच. म्हणून आईने नातीची ओटी भरली, वहिनीने दहीसाखर दिली, शेजारणी पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या. हेतल खिडकीतून म्हणाली, "रडू नका वं, मी खेळाले जाई ऱ्हायनू." त्यावर त्या आणखी रडल्या.

तिला पोहोचवायला मी बरोबर होते. मी त्याच थांब्यावरून बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याला शिकायला गेले आणि पुढे एका वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात लागले. वसतिगृहात हेतलची स्थानिक पालक म्हणून माझं नाव लागलं. गावाला ही व्यवस्था सोयीची वाटली. आत्याजवळ आहे म्हणजे घरातच आहे, असं ते धरून चालले.

हॉकी हा वाकून खेळायचा आणि एका बाजूचा खेळ आहे. स्टिकचा सपाट भाग डावीकडे, चेंडू बहुतेक वेळ उजव्या पायापुढे, पाठ कायम अर्धी वाकलेली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस हेतलची कंबर दुखायला लागली. सुरुवातीला तिने सांगितलं नाही. सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना ती भिंतीला टेकते, हे तिच्या कोच जगताप मॅडमनी पाहिलं आणि मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, हाडाला काही नाही, पण काही आठवडे स्टिक बाजूला ठेवा. झोपून राहू नका. पोहा, पळा, दुसरं काहीही खेळा.

उन्हाळ्यात लहान खेळाडूंनी आपलाच खेळ खेळावा की दुसरे खेळही खेळावेत, यावर मी बातम्या केल्या होत्या. काही प्रशिक्षक म्हणतात, सुट्टीत स्टिक सुटली की हात विसरतो. काही म्हणतात, वर्षभर एकच हालचाल केली की शरीर तिथेच झिजतं आणि मूल कंटाळतं ते वेगळं. दोन्ही बाजू मी अनेकदा शेजारी शेजारी लिहिल्या. एखादी बाजू आपल्या घरात येऊन बसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

जगताप मॅडमचं म्हणणं असं की स्टिक बंद, मान्य. पण मुलगी इथेच राहील. तलाव आहे, धावपट्टी आहे. उन्हाळी शिबिर संपलं की चाचणी, आणि त्या चाचणीवर वसतिगृहातली पुढच्या वर्षाची जागा ठरणार.

हे सगळं ठरत असताना भटूकाका आले.

भटूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि आमच्या घराचे कायमचे मुराळी. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात त्या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात आणि त्यांना आणायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. माझ्या सगळ्या आत्या, चुलत बहिणी काकांनीच आणल्या. तेच काका पांढरी टोपी घालून, कुरडया आणि खापरावरच्या पुरणपोळ्या पिशवीत घेऊन वसतिगृहाच्या दारात उभे होते. त्यांनी कुणाला कळवलं नव्हतं. मुराळी कळवून येत नाही. वॉचमनने मला बोलावून घेतलं.

मुराळ्याची एक पद्धत असते. तो आल्या आल्या मुलगी मागत नाही. आधी पाणी पितो, पीकपाण्याचं बोलतो, सासूची तब्येत विचारतो. जगताप मॅडमच्या टेबलासमोर बसून काकांनी तसंच सुरू केलं.

"तुम्हना आठलं पानी गोड शे."

"हो," मॅडम म्हणाल्या.

"आमनी केळी यंदा बरी शे. पोर तरास तं नही देत ना?"

"नाही, काका. चांगली खेळते."

"कामधाम करस का?"

"खेळणं हेच तिचं काम आहे इथे."

"हां," काका म्हणाले, आणि सासूचं समाधान झालं असं धरून त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "आखाजी उनी. पोरले चार दिन धाडी द्या."

"काका, शिबिर चालू आहे. आणि हे काही तिचं सासर नाही."

"मंग तं आखो बरं. सासरवाला बी चार दिन धाडतस."

मॅडम हसल्या, पण लगेच थांबल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी आठ दिवसांसाठी म्हणून घरी गेली. ती आली नाही, तिच्या लग्नाची पत्रिका आली. उन्हाळ्यात मी यांना इथे ठेवते ते फक्त हॉकीसाठी नाही."

हे मी कधी बातमीत लिहिलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं.

काकांना ते ऐकू गेलं. ते म्हणाले, "आम्ही पोर दिधी शे, इकी नही. तुम्हनी शे ती, तुम्हनीच राही."

मॅडमनी परवानगी दिली. स्टिक मात्र वसतिगृहातच राहील, म्हणाल्या. डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं.

पुढचं मला वहिनीच्या फोनवरून कळत गेलं. निंबाच्या झाडाला झोके बांधले होते. हेतल उभ्याने झोका चढवायची, अगदी फांदीच्या उंचीपर्यंत. गल्लीतल्या मुलींबरोबर ती संध्याकाळी खळ्यात खो-खो खेळायची. तापीच्या बॅरेजचं पाणी आमच्या काठापर्यंत भरलेलं असतं. तिथे माझा भाऊ तिच्या पाठीला प्लास्टिकचा रिकामा कॅन बांधून तिला पोहायला शिकवत होता. काही दिवसांनी कॅन सुटला. एका व्हिडिओत ती आट्यापाट्या खेळताना दोन्ही बाजूंना सारखीच वळत होती आणि मागून माझी आई ओरडत होती, "माय वं, पोर शे का वानर?"

आखाजी झाली, चार दिवसांचे आठ झाले, मग आणखी काही. एका सकाळी जगताप मॅडमचा फोन आला. आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "चाचणी चार दिवसांवर आली. मी तुम्हाला म्हटलं होतं."

मी भावाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "आम्ही तं वाट दखी ऱ्हायनू."

"कुणाची?"

"तेस्नी. नेवाले तेस्नी येवाले जोयजे ना? आपली पोर आपणच नेईसन घालो तं लोक म्हनतीन, बापले जड व्हयनी."

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. आणायला माहेरचा माणूस जातो, परत न्यायला सासरचा येतो. कुणी न बोलावता मुलगी परत पाठवणं म्हणजे तिचा मान घालवणं. काकांनी सगळ्या घराला बजावून ठेवलं होतं की हॉस्टेलचा माणूस येईपर्यंत पोर हलवायची नाही. इकडे एक बाई मुलगी हातची गेली म्हणून तिच्या जागेवर दुसरं नाव शोधत होती, आणि तिकडे माझं घर तिचा मान राखून दारात बसलं होतं.

मी मॅडमना ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मग तुम्ही जा. माझ्याकडून म्हणून जा."

मी गेले. माझ्याच घरी.

ओट्यावर पाऊल ठेवलं तर वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी आत जायला लागले, तिने हसत अडवलं आणि पायांवर पाणी घातलं. आतमध्ये भटूकाका टोपी घालून बसले होते. "बठा," त्यांनी मला समोरची खुर्ची दाखवली. "तुम्हना कडे ऊन कसं शे?"

"काका, मी शे," मी म्हणाले.

"तुले वळखस मी. पण आज तू कोनाकडथून उनी?"

मी बसले. पाणी प्यायले. पुण्याच्या उन्हाचं सांगितलं, केळीचा भाव विचारला. मग मला जमेल तशा अहिराणीत म्हणाले, "पोरले लेवाले उनू." काकांनी मान डोलावली आणि वहिनीला रस-पोळीचं ताट करायला सांगितलं.

हेतल नदीवरून आली. केस ओले होते, अंगाने काळवंडली होती. दारात वाकून तिने चपला काढल्या, भिंतीला न टेकता. मला पाहून जागीच थांबली.

"आत्या, मॅडमनी धाडं तुले?"

"हो."

"तेस्नीच?"

"त्यांनीच."

ती मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. वहिनीने मला नंतर सांगितलं, रोज संध्याकाळी ती थांब्यापर्यंत फेरी मारून यायची. आपल्याला न्यायला कुणी येत नाही याचा अर्थ आपण नको आहोत, असा तिने लावला होता. घरच्यांची रीत तिला पूर्ण कळत नव्हती आणि मॅडमना वाटणारी भीती तर मुळीच नाही.

चाचणीचं सांगते. पहिल्या दिवशी चेंडू तिच्या स्टिकखालून दोनदा निसटला. हात खरोखरच थोडा विसरला होता. धावण्यात ती पुढे राहिली, आणि शेवटच्या सामन्यात शेवटपर्यंत वाकून खेळली. तिची जागा राहिली. मॅडमनी तिला एवढंच विचारलं, "काय काय खेळलीस?" तिने झोक्यापासून सुरुवात केली.

पुढच्या उन्हाळ्यापासून शिबिराच्या मध्ये सुट्टी आली. मुलींनी स्टिक ठेवून घरी जायचं, आणि ठरल्या दिवशी वसतिगृहाचं कुणीतरी त्यांना घ्यायला जायचं. तरीही सगळ्या मुली येतात असं नाही. कुणाच्या घरचे दार उघडत नाहीत, कुणी गोड बोलून दिवस लांबवतात. पण विचारायला माणूस गेला, हे त्या मुलीला कळतं.

गावी राहिलेल्यांनी मला अनेकदा विचारलं, आता तुझं घर कुठलं. पुण्यात स्थिरावलेल्या ओळखीच्यांनीही विचारलं, बहुतेक स्वतःलाच. त्या दिवशी निघताना जे झालं, ते मी उत्तर म्हणून सांगते. आईने हेतलची ओटी भरली. मग माझ्यासमोर आली आणि तांदूळ हातात घेऊन थांबली. मी न्यायला आलेली की जायला निघालेली, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने माझीही ओटी भरली. तेवढ्यात न्यायला आलेल्या माणसाला द्यायचा टॉवेल आणि टोपी घेऊन काका आले. टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी खिशात घातली आणि टॉवेल माझ्या खांद्यावर ठेवला.

एका घरातून एकाच वेळी मुलगी म्हणून आणि पाहुणी म्हणून निघाले. दोन्ही घेतलं. बसमध्ये हेतल त्या टॉवेलवर डोकं टेकून झोपली.