शंभरात एक

मुंगीचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू होतो. गजर लावत नाही. सहा वर्षं आईबरोबर रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायला जायची, तेव्हाची सवय. दुपारी घरी आली की कॉम्प्युटर शिकायची. ती माझी भाची. ताई गेल्यापासून माझ्याकडे राहते. लहानपणी स्वतःपेक्षा मोठं गाठोडं उचलायला जायची, म्हणून मुंगी. अजूनही जाते.

मी चौतीस वर्षं पाण्याचे पाइप जोडले. काम कुठलं आणि कामाचा देखावा कुठला, एवढं मला कळतं. मुंगी आता एका कंपनीत अ‍ॅप बनवते, तेही खुर्चीत बसून, म्हणून सुरुवातीला मी तिचं काम कामात धरत नव्हतो. चूक माझी.

तिच्या कंपनीचं एक वेब अ‍ॅप आहे. घरोघरी जाऊन आजारी माणसांची सेवा करणाऱ्या बायका त्यावर आपल्या पाळ्या ठरवतात. दर गुरुवारी पहाटे पाचला पुढच्या आठवड्याच्या पाळ्या खुल्या होतात. फोनवर पान उघडायचं, पाळी निवडायची. जी आधी निवडेल तिची. उशीर झाला तर घरी बसा.

हे अ‍ॅप नव्याने बांधायचं होतं. मुंगीकडे एकच प्रश्न आला: ते किती जुन्या ब्राउझरपर्यंत चाललं पाहिजे? फोनमधल्या ज्या खिडकीतून असली पानं दिसतात तो ब्राउझर. फोन जुना तर खिडकी जुनी. जुन्या खिडकीत नवं पान दिसावं म्हणून काम जवळजवळ दुप्पट करावं लागतं.

तिच्या साहेबांनी आकडा पुढे केला. अ‍ॅपमध्येच मोजणी बसवलेली होती. ती सांगत होती की जुन्या ब्राउझरवाल्या बायका शंभरात एक. "एकीसाठी नव्याण्णव जणींना ताटकळत ठेवायचं का?" साहेब म्हणाले. मुंगीने आकडा पाहिला आणि जुने ब्राउझर सोडून द्यायला होकार दिला. नवं अ‍ॅप आधी आमच्याच भागातल्या बायकांना दिलं. गुरुवार पार पडला. एकही तक्रार आली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी जिन्याखालच्या खोलीतल्या आक्का वर आल्या. वीस वर्षं हेच सेवेचं काम करतात. हातात मुलाने टाकून दिलेला फोन, काचेवर चिकटपट्टी.

"मुंगे, जरा बघ गं. पान नुसतं पांढरं होतंय. माझाच कुठेतरी अंगठा लागला असणार."

"कधीपासून?"

"काल पहाटेपासून. तुला कशाला त्रास, म्हणून कचेरीत जाऊन उभी राहिले. तोवर सगळ्या पाळ्या संपल्या."

"मग पुढचा आठवडा?"

"बसते की घरी. तुझ्या मामाची शिकवणी लावते. आराम करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही."

मी हसलो. मुंगी हसली नाही. अर्धा तास तिने तो फोन उलटसुलट करून पाहिला.

"आक्का, अंगठा तुमचा नाही लागला. माझा लागला."

आक्का गेल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"मामा, आक्का मोजणीतच नव्हत्या."

"म्हणजे?"

"जुन्या ब्राउझरमध्ये आधीचं पान चालायचं. पण मोजणीचा भागच तिथे चालत नव्हता."

"म्हणजे हजेरी माडीवर, आणि ज्यांना जिना चढवत नाही ते गैरहजर."

"तसंच. आणि मी त्या आकड्याला मान डोलावली."

ती रडू लागली. मी पाण्याचा पेला दिला. म्हटलं, "रडून घे. झालं की खरी मोजणी कुठे मिळेल ते सांग."

ती मिळत होती. जिथून पान पाठवलं जातं त्या सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येक मागणीची नोंद असते. पान पुढे दिसो न दिसो, दार ठोठावलं एवढं पुरतं. शनिवार-रविवार दोन्ही दिवस बसून तिने मागच्या चार गुरुवारांच्या नोंदी चाळल्या. जुन्या ब्राउझरवाल्या बायका शंभरात एक नव्हे, अकरा निघाल्या. पहाटे पाच ते सहा या तासात तर सतरा. ज्यांना पाळीची गरज जास्त त्या आधी उठतात, आणि त्यांचेच फोन जुने असतात.

सोमवारी ती साहेबांपुढे उभी राहिली.

"होकार तुझाच होता ना?"

"हो साहेब. चुकीचा होता."

"तारीख पुढे जाणार मग."

"सोळा दिवस. तोवर जुनं अ‍ॅप परत लावते."

"सतरावा दिवस मागायला येऊ नकोस," साहेब म्हणाले.

रेघ कुठे मारायची, यातच तीन दिवस गेले. "सगळ्यांना घेता येत नाही, मामा," ती म्हणायची. काही ब्राउझर इतके जुने की त्यातून पासवर्ड चोरीला जातील. शेवटी तिने ठरवलं: पाळ्यांची साधी यादी आणि एक बटण, हे आठ वर्षांपूर्वीच्या ब्राउझरवरही चाललंच पाहिजे. रंगीत कॅलेंडर नव्या फोनवाल्यांना. आठ वर्षांच्याही पलीकडे ज्या उरल्या, त्यांना पांढरं पान दिसणार नाही. तिथे कचेरीचा फोन नंबर दिसेल. तो गुरुवारी पाचला उचलला जाईल, हे तिने साहेबांकडून लिहून घेतलं.

रोज पहाटे ती आक्कांचा फोन मागून आणायची आणि सातला परत द्यायची. चार दिवस पाण्यात गेले, कारण बटण एकदा दाबलं की पाळी दोनदा लागायची. ते चार दिवस तिने कोणाला ऐकवले नाहीत. मी मोजले.

सतराव्या दिवशी, गुरुवारी, आक्का पाचच्या आधीच आमच्या उंबऱ्यावर बसल्या.

"उघडलं गं!"

"मग माझ्याकडे काय बघताय? पाळी घ्या!"

"घेतली. सोमवार ते शनिवार. मामांची शिकवणी राहिली."

आक्कांचा फोन रोज किती मागणार? पण अ‍ॅपमध्ये बदल होतच राहतात, आणि प्रत्येक बदल जुन्या फोनवर तपासायला हवा. मुंगीने कंपनीकडे जुने फोन मागितले. तो अर्ज अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. पगार झाला त्या संध्याकाळी ती मला घेऊन फोन दुरुस्तीच्या दुकानात गेली.

"ताई, एवढ्या पैशांत एक नवा येईल," दुकानदार म्हणाला.

"नवा आहे. मला जुने द्या. चालणारे."

तासभर ती एकेक चालू करून बघत होती. एकाची बॅटरी फुगलेली निघाली, तो बदलून घेतला. त्या पगारातून पाच जुने फोन आले.