साडूभाऊंचा डोळा

माझ्या साडूंइतका रंग ओळखणारा माणूस सुरत शहरात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका रंगांधळाही दुसरा झाला नाही. पहिलं विधान कापडाबद्दल आहे, दुसरं माणसांबद्दल. बमरोलीच्या ज्या डाईंग मिलमध्ये आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं घालवली, तिथे ते शेड मास्तर होते. गिऱ्हाईक, ज्याला आमच्याकडे पार्टी म्हणतात, रंगाचा एक तुकडा पाठवायचं आणि रंगवलेलं कापड त्या तुकड्याबरहुकूम आलं की नाही, हे साडूभाऊ नुसतं बघून सांगायचे. पांढरा म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे एकच रंग येतो. त्यांच्यापुढे दुधी, मोतिया, साय, भिजलेला तांदूळ, शिजलेला तांदूळ आणि 'सासऱ्याचं धोतर' असे पांढरे रांगेने उभे राहायचे. शेवटच्या शेडचं बारसं त्यांनीच केलं होतं आणि मिलमध्ये सगळे तिला त्याच नावाने ओळखत. लग्नाला गेले की नवरीच्या आधी ते शालूकडे बघत आणि काठ एका लॉटचा, पदर दुसऱ्या लॉटचा आहे, हे नवरीच्या बापाला सांगून टाकत. तेही अक्षता पडायच्या आधी, कारण नंतर सांगून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाला वादात मात्र दोनच रंग दिसायचे. कोणी जरा वेगळं बोललं की ते मान तिरकी करत आणि आमच्या अहिराणीत विचारत, "तू मन्हाकडे शेस का त्यासनाकडे?" माझ्याकडचा, का त्यांच्याकडचा. 'ते' कोण हे पुष्कळदा ठरलेलंच नसे, पण ते असत एवढं नक्की. हिवाळ्यात भुसावळकडच्या गाडीने भरिताच्या वांग्यांची पिशवी यायची आणि साडूभाऊ स्वतः गच्चीवर काड्या पेटवून वांगी भाजायचे. एकदा त्यांचे जावई, सुरतेत जन्मलेले, साधे, भरीत खाता खाता म्हणाले की आपल्या सुरतची वांगीही काही वाईट नसतात. साडूभाऊंचा घास हातातच राहिला. म्हणजे आमची वाईट, असं तुमचं म्हणणं, ते म्हणाले. जावई म्हणाले की असं मी कुठे म्हटलं. पण फैसला झाला होता. पुढचे दोन हिवाळे त्या घरी भरीत झालं की जावयाच्या ताटात बटाट्याची भाजी पडायची आणि तुम्हाला आमचं चालणार नाही म्हणून मुद्दाम केली, असं अतिशय आदराने सांगितलं जायचं.

त्यांचा खरा राग विरोधकावर नसायचा, मधल्यावर असायचा. गोडादऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत गणपतीची आरती सात वाजता करायची की आठ, यावरून एका वर्षी जुंपली. पाळीवरून सातला सुटणाऱ्यांना आठ हवे होते, आठला पाळीवर जाणाऱ्यांना सात. साडूभाऊ सातवाले. आठवाल्यांशी ते कडाकडा भांडले आणि भांडून झाल्यावर त्यांच्यातल्या दोघांना स्वतःच्या हाताने प्रसादही दिला. पण एका बिचाऱ्याने उठून साडेसात सुचवले होते. त्याच्याशी ते पुढच्या गणपतीपर्यंत बोलले नाहीत. आठवाला निदान आठवर ठाम असतो, ते मला समजावून सांगत. साडेसातवाल्याचा भरवसा काय, उद्या तो पावणेआठही म्हणेल. घरातल्या पंख्याच्या बटणावर एक ते पाच आकडे होते, पण दोन, तीन आणि चार हे आकडे त्या पंख्याने कधी अनुभवले नाहीत. पंखा बंद तरी असे, नाहीतर छतातून सुटेल इतका फिरे. आमच्या मेहुणीबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, भर मे महिन्यात शाल पांघरून भाजी निवडताना मी पाहिल्या आहेत. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, यांना बंद करा म्हटलं तर मी यांच्या विरुद्ध होते, त्यापेक्षा शाल बरी.

पण एकदा का तुम्ही त्यांच्याकडचे झालात, की मग तुमच्यासाठी ते काय करतील याला सीमा नव्हती. मला टायफॉइड झाला तेव्हा मी पांडेसऱ्यात राहत होतो. तीन आठवडे ते रोज सायकलवरून डबा घेऊन आले. डॉक्टरांनी मला फक्त पेज सांगितली होती. पेज पाहून साडूभाऊंनी डॉक्टरांना दवाखान्याबाहेर गाठून खडसावलं आणि परत येऊन मला बजावलं की सांभाळून राहा, हा डॉक्टर त्यांच्याकडचा आहे. आजाराच्या बाजूचाही कोणी असू शकतो, हे मला तेव्हा कळलं. ते सतराव्या वर्षी खान्देशातून एका पिशवीनिशी सुरतेला आले होते. लिंबायतच्या एका खोलीत दहा जण पाळीपाळीने झोपत, आणि त्या वयात त्यांना माणसं दोनच प्रकारची भेटली असावीत: अंथरूण टाकायला जागा देणारी आणि न देणारी. तेव्हा समोरचा कोणता, हे झटकन ओळखावंच लागत असेल. पुढे त्यांना स्वतःचं घर झालं, तरी वाद सुरू झाला की ते त्या खोलीच्या दारात पिशवी घेऊन उभे राहत, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मला नुसतं हसू यायचं.

हे सगळं मी लग्नकार्यांत, हावभावांसकट, वर्षानुवर्षं सांगत आलो. शेवटी मी एक किस्सा ठेवायचो, आणि त्यावर सगळ्यांत जास्त हशा यायचा. आज लिहायला बसलो आहे तो त्या किश्शासाठी, कारण तो मी नेहमी अर्धाच सांगितला.

मी त्याच मिलमध्ये घडी खात्यात होतो. रंगून आलेलं कापड तपासायचं, घड्या घालायच्या आणि माल बाहेर पाठवायचा, हे माझं काम. एका दिवाळीच्या आधी राखी रंगाचा मोठा लॉट आला. साडूभाऊंनी तो पास केला होता. मी पार्टीचा तुकडा कापडावर ठेवला आणि मला फरक दिसला. कापड किंचित तांबूस झाक मारत होतं. मी माल थांबवला. साडूभाऊ तरातरा आले. तुकडा आणि कापड खिडकीशी नेऊन त्यांनी पाहिलं आणि शेड लागते, म्हणजे जुळते, म्हणाले. मी टेबलाशी पाहिलं आणि लागत नाही म्हणालो. आजूबाजूचे कारागीर जमले, मिलचे शेठही आले. साडूभाऊंनी मान तिरकी केली आणि सगळ्यांदेखत तो प्रश्न मला विचारला, "तू मन्हाकडे शेस का त्यासनाकडे?"

मी म्हणालो, "मी कपडाकडे शे."

सगळे हसले. शेठही हसले. मला माझ्या हजरजबाबीपणाचं फार कौतुक वाटलं. लॉट परत रंगवायला गेला, आणि आठवड्याभरात शेठनी साडूभाऊंना शेडवरून काढून रंगांच्या गोदामात बसवलं. "हवे आराम करो, मास्टर," आता आराम करा, एवढंच ते गुजरातीत म्हणाले. साडूभाऊंनी त्याच दिवशी काम सोडलं. पुन्हा कोणत्याही मिलमध्ये त्यांना शेड मास्तर म्हणून घेतलं नाही. डोळा गेला, ही बातमी बमरोलीहून पार शहराबाहेरच्या सचिन गावातल्या मिलांपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. किश्शाचा शेवट मी असा करायचो: डोळा गेला, हट्ट तेवढा राहिला.

आता उरलेलं अर्धं. त्या लॉटचा एक तुकडा, पार्टीच्या तुकड्याच्या एका कातरणीसकट, माझ्या खिशात राहिला होता. पंधराएक दिवसांनी मिलच्या फाटकाबाहेर उन्हात मी तो सहज काढून त्या कातरणीशी धरला. तंतोतंत एक. आत येऊन ट्यूबलाइटखाली धरला, तर फरक. नेहमीचा रंग संपला म्हणून त्या लॉटला दुसऱ्या बनावटीचा रंग वापरला होता, आणि तसं केलं की एका उजेडात जुळणारी शेड दुसऱ्यात फुटते, हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच शेड दोन्ही उजेडांत बघायची, असा मिलचा नियम होता. त्यांनी खिडकीचा उजेड पाहिला, मी माझ्या टेबलावरचा. भांडणाच्या भरात एकमेकांच्या जागेवर जाऊन बघायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. पार्टीचं दुकान दिवसभर ट्यूबलाइटवर चालतं, म्हणजे माल थांबवला ते ठीकच झालं. पण त्यांचा डोळा शाबूत होता.

शेठच्या खोलीपर्यंत मी गेलो होतो. दार उघडं होतं. साडूभाऊ बरोबर होते असं सांगायचं, म्हणजे मी चुकलो असं होईल, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दोघंही बरोबर, असं वाक्य मला त्या दारात जुळवताच येईना. मी परत फिरलो. ज्याच्या दोन रंगांची मी नक्कल करायचो, त्याच्याहून मी वेगळा नव्हतो. माझा आवाज चढला नव्हता, एवढंच. आमच्यात अबोला असा कधी झाला नाही. सणावारी जाणं-येणं राहिलं. पण त्यांनी मला तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

गेल्या महिन्यात मी गोडादऱ्याला गेलो. साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे आता खरोखरच गेले आहेत. माणूस आला-गेला तेवढं कळतं. अक्का दळण आणायला गेल्या होत्या. मी सगळं सांगितलं, फाटकाबाहेरचं आणि शेठच्या दारातलंही. ते भिंतीला टेकून ऐकत राहिले. मला वाटलं, आता मान तिरकी होईल.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. काम सोडण्याआधीच ते माझ्या नकळत माझ्या टेबलाशी जाऊन कापड पाहून आले होते.

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"माले वाटनं तू येशी."

 मी म्हणालो की तुमच्या नातीच्या लग्नात सगळे जमतील, तेव्हा सर्वांसमोर मी हे सांगणार. त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

"नको. लोकेसले एक खोटा लागस. मंग त्या तुले खोटा ठरावतीन. माले तं सवय व्हई गई, तुले जमाव नही." मला ते सोसणार नाही, म्हणे.

इतक्यात अक्का आल्या. त्यांनी चहा टाकला आणि आमचं बोलणं पिठाच्या भावावर गेलं.

त्यांचं ऐकायचं असतं तर मी हे लिहिलं नसतं. हे छापून आलं की अक्का त्यांना वाचून दाखवतील, आणि शेवटपर्यंत ऐकून झालं की ते माझ्याशी बोलणं बंद करतील, यात मला शंका नाही. फोन वाजला तरी घेणार नाहीत, अक्कांकरवी निरोपही देणार नाहीत. मी दुसऱ्या दिवशीच गोडादऱ्याला जाणार आहे. ते तोंड फिरवून बसले तरी बसेन, आणि बोलायला मीच सुरुवात करेन.