चला, काट्यावर चढा!

औषधाच्या दुकानात गेलं की दुकानदार चिठ्ठी मागतो. आमचे वजनदादा पाय मागायचे. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या म्हातारीलाही म्हणायचे, "आजी, जरा पाय दाखव." मग घोट्याच्या वर अंगठा दाबून धरायचे. कातडीत खळगा पडला की यांचा चेहरा पडायचा.

दादा सिंधी. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये आमच्या घरासमोरच त्यांचं दुकान. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, हार्ट थकलेलं. अंगात पाणी साठायचं, दम लागायचा. डॉक्टर महिन्यातून एकदा बघायचे, मधले एकोणतीस दिवस दादांचे. रोज सकाळी अण्णांनी दुकानातल्या काट्यावर उभं राहायचं, असा हुकूमच होता. "चरबी हळूहळू चढते अण्णा साईं. पानी दोन दिवसांत चढतं."

अण्णा वस्ताद. वजन कमी भरावं म्हणून हळूच काउंटरला रेलायचे. दादा ओरडायचे, "हात वर!" भर बाजारात माझे वडील दोन्ही हात वर करून उभे! एकदा एका नवख्या हवालदाराने थांबून विचारलं, "काय केलं यांनी?"

"पापड खाल्ला," दादा म्हणाले.

कॅम्पात कुणाही सिंध्याकडे जा, आधी पापड आणि पाणी पुढे येतं. अण्णांना मीठ बंद आणि पाणीही मापात. "सिंधी असून पापडाला नाही म्हणतोस? कसला रे सिंधी तू!" अण्णा डिवचायचे. दादांचं उत्तर ठरलेलं, "पापड मेरा, हार्ट तेरा."

एकदा अण्णांचा गुडघा धरला. दुखण्याची गोळी मागितली, तर दादांनी साफ नकार दिला. "ती गोळी अंगात पानी धरून ठेवते. शेक घे, डॉक्टरला विचार."

"दुकानदार आहेस की सासू?" म्हणत अण्णा तरातरा निघाले. दुसऱ्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि दादांकडे जाणंच बंद केलं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी शटर ओढून, काटा कडेवर घेऊन दादा आमचे तीन जिने चढून आले. धापा टाकत म्हणाले, "चल, चढ." चार किलो वाढलेले!

"पोरीने पुरणपोळ्या खायला घातल्या," अण्णा म्हणाले. मी चाटच पडले. माझी पुरणपोळी आजवर तव्यावर टिकलेली नाही.

दादांचं लक्ष पलंगाकडे. "तीन उशा कशाला? आडवा झाला की दम लागतो ना?" दादांनी उशीखालून गोळ्या काढल्या आणि अण्णांना तसंच रिक्षात घातलं. "आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागले नसते," डॉक्टर म्हणाले. घरात मी होते, आणि कळलं समोरच्या दुकानदाराला!

त्यानंतर अण्णा आठ वर्षं जगले. माझं लग्न त्यांनी पाहिलं, नातवाला मांडीवर खेळवलं, आणि रोज सकाळी न चुकता दादांशी भांडून आले. शेवटी एके पहाटे झोपेतच गेले. दादा धावत आले, अण्णांकडे बघून लहान मुलासारखे हमसून रडायला लागले. "आता सकाळी मी कोणाशी भांडू, साईं?"

आम्ही आमचं रडणं बाजूला ठेवून त्यांचीच समजूत काढत बसलो.