मोराची उलटी बाजू

सोलापुरातल्या आमच्या विणकाम शाळेत चित्रकला आणि माग यांची सांगड मास्तरांनी घातली, असे त्यांच्या गौरवग्रंथात छापले आहे. साफ खोटे! मी त्या वर्गात होतो.

मास्तरांनी कागदावर काढलेला मोर लुगड्याच्या काठावर विणून आला, तेव्हा ते स्वतःच पिसारा फुलवून उभे होते. माग दुरुस्त करायला आलेल्या तेलुगू विणकराने सवयीने काठ उलटा केला. मागे लांब धागे मोकळे लोंबत होते. सोनाराकडून आणलेले बायकोचे जोडवे कनवटीतून काढून त्याने त्यांवर फिरवले. ते अडकले.

“मोर लई छान हाय, मास्तर,” तो म्हणाला, “पण बाई चालली की पडंल.”

तेव्हापासून आम्ही नक्षी काढतानाच मागे धागा किती लांब मोकळा सुटेल ते मोजू लागलो. त्याचे नाव मात्र कोणीच विचारले नाही, मीही नाही.

ग्रंथात त्या मोराचे छायाचित्र आहे. अर्थात, सुलट बाजूचे.