राणे सुभेदारांचा एक के

ऐंशीच्या दशकात आमची सिग्नल तुकडी मुलुंडला होती. मी हवालदार. सकाळी पीटी, मग सेटची तपासणी, संध्याकाळी रोलकॉल. मुंबईचं पोस्टिंग म्हटल्यावर गावाला वाटायचं, आम्ही नट्यांना सलाम ठोकतो. प्रत्यक्षात डास मारत होतो.

शनिवारी बडाखाना, म्हणजे सगळ्या तुकडीचं जेवण होतं, सीओ साहेबांचं, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरचं भाषण होतं, आणि आदल्या दिवशीच अ‍ॅम्प्लिफायर जळाला. आमचे सुभेदार राणे मालवणचे. त्यांनी मासिकात आलेला घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा काढला आणि सिग्नलमन नायरला बोलावलं. केरळचा हा पोरगा. लग्न ठरलेलं, रजेचा अर्ज राण्यांच्या टेबलावर.

"भोंगा बोला, तो छुट्टी. नहीं बोला, तो कॅन्सल."

"यस, साहब."

सामानाची यादी बघून राणे वैतागले. नुसत्या रेझिस्टरचेच इतके प्रकार, की त्यापेक्षा महिन्याचं वाणसामान बरं. त्यांनी सपासप काट मारली. रेझिस्टर एकाच जातीचा घ्यायचा, एक के, म्हणजे हजार ओहमचा. दोन हजार हवे तिथे दोन एकापुढे एक जोडायचे. यादी झकास आटोपशीर झाली आणि नायर ती घेऊन घाटकोपरला गेला.

शनिवारी सकाळी सगळं जोडलं. भोंगा गप्प. मी रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे पाहिले, तर सगळे दहा हजारांचे.

"नायर, ये क्या लाया?"

"साहब, नौ का मिलता नहीं. दुकानवाला दस का पूरा पाकीट दिया."

"नऊ? खंय आसा नऊ?" राणे यादी नाचवत ओरडले. "हो एक आसा रे!"

त्यांनी आकडे मराठीत लिहिले होते. नायर फौजेत रोमन लिपीतली हिंदी शिकलेला. त्याला १ हा 9 दिसला.

आता बाजारात जायला वेळ नव्हता. नायरचा चेहरा उतरला. मग मला सुचलं. दहा हजारांचे दहा रेझिस्टर एकापुढे एक न जोडता शेजारी शेजारी जोडले, की विजेला दहा वाटा मिळतात आणि हजाराचा एक होतो. पाकीट तर भरलेलंच होतं. आम्ही तिघं कथलाचे डाग देत बसलो. बोर्ड साळिंदरासारखा दिसायला लागला. सोप्या यादीला मूळ यादीपेक्षा कितीतरी जास्त रेझिस्टर लागले.

"टेस्टिंग. वन, टू, थ्री."

भोंगा खरखरला आणि बोलला. सीओ साहेब इतके बोलले, की मटण थंड झालं आणि जवान आम्हालाच शिव्या देत राहिले.

राण्यांनी अर्जावर सही केली. नायर लग्न करून आला, त्यानं केळ्याचे वेफर्स वाटले.

पुढे उत्तरेच्या सीमेवरच्या पोस्टवर तुटलेली टेलिफोनची लाइन जोडायला गेलेला नायर परतला नाही. मी राण्यांना कळवायला गेलो.

"लगीन तरी झाला रे तेचा," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही रडलो.